यादीतली एकोणिसावी ओळ

देवीदास रामटेके यांनी आपली जुनी निळी गाडी विकली म्हणजे काय केलं, तर तिचा रीतसर चार्ज दिला. रेल्वेच्या मालधक्क्यावर सत्तावीस वर्षं काढलेला माणूस दुसरं काय करणार? ड्यूटी संपली की पुढच्या बाबूला किल्ल्या, रजिस्टर, शिक्के, टॉर्च सगळं यादी करून द्यायचं, खाली दोघांनी सह्या ठोकायच्या आणि घरी यायचं. मागे काही ठेवायचं नाही, पुढे काही विचारायचं नाही. त्यांच्या हिशेबी जगातले निम्मे तंटे चार्ज नीट न दिल्यामुळे होतात.

गाडी घेणारे लहानू खोब्रागडे हेही त्याच धक्क्यावरचे, त्यामुळे त्यांना यात वावगं काहीच वाटलं नाही. एका रविवारी सकाळी अंगणात खुर्च्या मांडून दोघं बसले आणि देवीदासरावांनी दोन प्रतींत तेवीस ओळींची यादी वाचून दाखवली. जॅक एक. पाना एक. स्टेपनी एक, हवा भरलेली. डाव्या दाराचं हँडल, जरा वर उचलून ओढावं. यामिनी, म्हणजे त्यांची अकरावीतली लेक, पायरीवर बसून हसू दाबत होती. एकोणिसाव्या ओळीला बाबांचा आवाज जरा चढला.

"विमा पॉलिसी, फाईलसह. पन्नास टक्के बोनससह."

लहानूकाकांनी भुवया उचलल्या. देवीदासरावांनी समजावलं, की आपण पाच वर्षांत विमा कंपनीकडून एक पैसा मागितला नाही, म्हणून हप्त्यात निम्मी सूट मिळते. ती सूट म्हणजे या गाडीची कमाई, ती गाडीसोबतच जाणार. दिली म्हणजे पूर्ण दिली.

यावर आत पलंगावर पाय लांब करून बसलेल्या यामिनीच्या आईने, सत्यभामाबाईंनी, खिडकीतून आपला जुनाच शेरा मारला. पाच वर्षांत सदर बाजारात एका स्कूटरवाल्याने दार खरवडलं, एकदा मागचा दिवा फुटला, एकदा बंपर लोंबला, आणि हे दर वेळी पदरचे पैसे देऊन डेंटिंगवाल्याकडे गेले. "विमा म्हणजे का लग्नातला शालू होय, नुसता पेटीत ठेवाले?" असं त्या म्हणाल्या आणि लहानूकाका इतके हसले की सही वाकडी आली.

गाडी गेली. तिच्या जागी नवी, उंच गाडी येणार होती, आणि ती हौसेखातर येत नव्हती. मागच्या वर्षी आई ओल्या जिन्यावरून घसरली, मांडीचं हाड मोडलं, डॉक्टरांनी आत सळई बसवली, आणि तेव्हापासून तिचा गुडघा अर्ध्यावर अडतो. निळ्या गाडीत बसायचं तर तिला आधी पाठ आत ढकलावी लागे, मग दोघांनी मिळून पाय उचलून आत घ्यायचा, आणि तेवढ्यात तिचं तोंड असं व्हायचं की यामिनी दुसरीकडे बघायची. मागच्या दसऱ्याला तिला नागपूरला दीक्षाभूमीवर जाता आलं नाही. लग्न होऊन रायपूरला आल्यापासून पहिल्यांदा चुकलं होतं. त्या दिवसांतल्या रेल्वेत तर धडधाकट माणसालाही पाय ठेवायला जागा नसते, तिथे सळईवाल्या पायाचं काय घ्या. आईने त्या दिवशी नेसायला पांढरी साडी इस्त्री करून ठेवली होती, ती वर्षभर तशीच होती.

शोरूममध्ये त्या उंच गाडीत मात्र आई नुसती वळली आणि बसली. पाय सरळ. तोंड जसंच्या तसं. "हे काय, बसली बी मी," असं ती म्हणाली, आणि बाबांनी तिथेच बयाणा भरला. गाडी शुक्रवारी मिळणार होती, दसरा रविवारी होता. सगळं कसं मापात बसलं होतं.

ते माप मंगळवारी संध्याकाळी बिघडलं. शोरूमवाल्यांनी शेवटचा हिशेब मोबाईलवर पाठवला. बाबांनी विमा धरला होता जुन्या गाडीच्या अंदाजाने, थोडा वाढवून. पण नवी गाडी किमतीची, त्यात पहिली पॉलिसी, तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचा विमा तर एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. आकडा बघून बाबा आधी उभे राहिले आणि मग बसले. कर्ज होतं तेवढंच मंजूर होतं. बाजूला ठेवलेले पैसे होते ते आईच्या फिजिओथेरपीचे, आणि नेमकी तेवढीच रक्कम कमी पडत होती. रात्री जेवताना बाबा भात कालवत म्हणाले की सकाळी फोन करून गाडी नाही म्हणतो. बयाणा परत देतील. पाय आधी, गाडी मागून. आईने मान हलवली. म्हणाली, बरोबर आहे. मग ताट उचलून, भिंत धरत धरत आत गेली. पांढऱ्या साडीचं कोणी नाव काढलं नाही.

आता यामिनीबद्दल सांगायला हवं. वर्षभरापूर्वीची यामिनी असती तर तिनेही मान हलवली असती. ती यामिनी दुकानात सुटे पैसे परत मागायलाही लाजायची, पाहुणे आले की न्हाणीघरात जाऊन बसायची, आणि आईबाबा मराठीत बोलले तर हिंदीत "हाँ" एवढंच म्हणायची. पण जुलैत शाळेच्या प्रार्थनेला बातम्या वाचणाऱ्या मुलीचा घसा बसला, बाईंनी समोर दिसली म्हणून यामिनीला उभं केलं, आणि काय झालं कोण जाणे, साडेनऊशे पोरांसमोर तिचा आवाज खणखणीत निघाला. तेव्हापासून तो आत जायचं नावच घेत नव्हता. बाबा म्हणायचे, पोट्टीचा भोंगा एकदा वाजला तो वाजूनच राहिला.

बुधवारपासून शाळेला दसऱ्याच्या सुट्ट्या लागल्या होत्या. बाबा अंघोळीला गेले तेव्हा यामिनीने त्यांच्या मोबाईलवरचा तो हिशेब ओळ न् ओळ वाचला. कॉमर्स घेतलं होतं, निदान शब्दांना घाबरायचं कारण नव्हतं. बहुतेक ओळींत काही ना काही आकडा होता. एकाच ओळीत शून्य होतं. तिथे लिहिलं होतं, नो क्लेम बोनस.

शून्य कसं? पाच वर्षं स्कूटरवाल्यांची खरवड पदरमोड करून भरणाऱ्या माणसाला शून्य?

तिने जुन्या विमा कंपनीच्या ऑफिसात फोन लावला. नंबर बाबांच्या जुन्या मेसेजमध्ये होता. आधी चार मिनिटं नुसतं संगीत वाजलं, आणि त्या चार मिनिटांत जुनी यामिनी दोनदा फोन ठेवायला निघाली होती. मग पलीकडे निधी मॅडम आल्या. यामिनीने प्रार्थनेच्या बातम्यांसारखं सगळं एका दमात सांगितलं, गाडी, यादी, लहानूकाका, नवी गाडी. मॅडमनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या, आणि यामिनीने त्या उत्तरपत्रिकेच्या मागच्या पानावर लिहून घेतल्या, कारण तिला स्वतःच्या कानांवर विश्वास नव्हता.

पहिली गोष्ट अशी, की हा बोनस गाडीचा नसतोच. तो गाडी सांभाळून चालवणाऱ्या मालकाचा असतो. मालकाने गाडी बदलली की बोनस त्याच्यासोबत नव्या गाडीवर जातो. कंपनीकडून तसं पत्र घ्यायचं आणि नव्या पॉलिसीत लावायचं, की गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात निम्मी सूट. दुसरी गोष्ट ऐकून मात्र यामिनीचं पेन थांबलं. गाडी घेणाऱ्याने चौदा दिवसांत पॉलिसी स्वतःच्या नावावर करून घ्यायची असते. आणि ती होईपर्यंत, त्या चौदा दिवसांतसुद्धा, रस्त्यावर कोणाला धक्का लागला तर तेवढं भागतं, पण त्याची स्वतःची गाडी ठोकली तर कंपनी एक पैसा देत नाही.

यामिनीने बोटं मोजली. आज अकरावा दिवस. आणि लहानूकाका उद्या पहाटे बायको, सून, नातू यांना घेऊन त्याच निळ्या गाडीने नागपूरला निघणार होते. दीक्षाभूमीवर त्यांच्या मंडळाचा भोजनदानाचा मंडप असतो, तीन दिवस आधी जावं लागतं.

बाबा टॉवेलने डोकं पुसत बाहेर आले तेव्हा तिने त्यांना अंगणातच गाठलं. पहिली गोष्ट सांगितली, आणि तिला वाटलं बाबा उडी मारतील. बाबांनी टॉवेल दोरीवर टाकला, त्याची दोन्ही टोकं सारखी केली.

"अन् म्या लहानूले लिहून देल्लं त्याचं काय?"

यामिनी म्हणाली, ते चुकून लिहिलं.

"सही केली म्या. आता जाऊन म्हनू, बाप्पा, तो बोनस मले वापस दे? दिलेला चार्ज कोनी मागून राहिलं का कधी?"

तिने पुष्कळ समजावलं, की बोनस लहानूकाकांना मिळणारच नाही, कितीही सह्या केल्या तरी. बाबांचं एकच, मग तर आणखी वाईट. म्हणजे जे मला देताच येत नव्हतं ते मी दिलं म्हणून लिहिलं, आणि आता स्वतःचा फायदा दिसला तेव्हा सांगायला जातो. धक्क्यावर तोंड कसं दाखवू? लहानू बोलणार नाही काही, पण त्याच्या मनात राहील. गाडी नको, बोनस नको. त्यांनी खरोखरच शोरूमचा नंबर काढला.

यामिनीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, रागाचं. पण आवाज तसाच खणखणीत राहिला, आणि ती शुद्ध मराठीत बोलली, म्हणजे तिला जमेल तेवढ्या.

"बाबा, तुमचा फायदा राहू द्या. काका उद्या लेकराले घेऊन हायवेवर निघून राहिले. त्या गाडीवर त्यांचा विमा नाही. तुमच्या यादीत आहे म्हणून ते बेफिकीर आहेत."

बाबांचं बोट फोनवर थांबलं. तिने उत्तरपत्रिकेचं मागचं पान पुढे धरलं. त्यांनी दुसरी गोष्ट वाचली, पुन्हा वाचली. मग आत गेले. यामिनीला वाटलं, संपलं. पण ते बाहेर आले ते पायात चपला आणि हातात यादीची आपली प्रत घेऊन. शेजाऱ्याची स्कूटर मागून आणली आणि "बस मांगं," एवढंच म्हणाले.

गुढियारी वस्तीत लहानूकाकांच्या दारात निळी गाडी धुऊन उभी होती, टपावर भांड्यांची पोती बांधली होती. गल्लीत मालाचे ट्रक उभे असल्याने स्कूटर लांब लावून चालत जावं लागलं, आणि तेवढ्या वाटेत बाबांनी तीनदा घसा खाकरला. काका पोत्यांना दोरी ताणत होते. जयभीम झाला. चहा आला. बाबा चहाकडे बघत बसले. यामिनीला वाटलं आपण बोलावं, जीभ अगदी टोकाला आली होती. पण हे बाबांनीच बोलायचं होतं हे तिला कसं कोण जाणे कळलं, आणि तिने ओठ असे मिटले की दात दुखले. गप्प राहायलाही एवढा जोर लागतो हे तिला ठाऊक नव्हतं.

"लहानू, चार्जमंदी खोट निघाली," बाबा शेवटी म्हणाले. "एकोनिसावी ओळ. ते माह्याच्यानं नव्हतं देता येत."

मग सगळं सांगितलं. बोनस आधी सांगितला, स्वतःला त्यात काय मिळतं तेही लपवलं नाही, आणि मग विम्याचं सांगितलं. लहानूकाका दोरी हातात धरून ऐकत होते. त्यांनी एकदा गाडीकडे बघितलं, एकदा ओसरीवर खेळणाऱ्या नातवाकडे.

"म्हनजे म्या दहा दिवसांपासून बिनविम्याची गाडी फिरवून राहिलो," ते म्हणाले. "अन् काल तर भनपुरीपर्यंत नेली, मोठ्या रुबाबात. म्हटलं, देवीदासभाऊनं चार्ज देल्ला, आपल्याले का फिकीर."

बाबांनी मान खाली घातली.

"अन् हे तू काहून उशिरा सांगून राहिला म्हनून मी रागावू, का उद्याच्या पहिले सांगतलं म्हनून पाया पडू?"

"रागाव," बाबा म्हणाले.

काकांनी दोरीला गाठ मारली. मग आत बायकोला हाक मारून लाल पेन मागितलं. धक्क्यावरची रीत दोघांनाही पाठ होती. चार्जच्या यादीत चुकीची नोंद झाली तर खाडाखोड करायची नाही, फाडायची तर नाहीच. लाल शाईने एक सरळ रेघ मारायची, बाजूला खरं काय ते लिहायचं आणि दोघांनी सही करायची. त्यांनी दोन्ही प्रती मांडीवर घेतल्या. 'पन्नास टक्के बोनससह' यावर रेघ आली. बाजूला काय लिहायचं यावर दोघंही अडले. दोघांनी यामिनीकडे बघितलं.

"लिहा," ती म्हणाली, "'बोनस जुन्या मालकाकडेच राहील.'"

"तुही पोट्टी वकील होईन," काका बाबांना म्हणाले, आणि या खेपेला सही सरळ आली.

तिघं मग सदर बाजाराकडे निघाले, काका स्वतःच्या मोटरसायकलवर. निळ्या गाडीला हात लावायला ते आता तयार नव्हते. विमा कंपनीचं ऑफिस एका कापडाच्या दुकानावर, अरुंद जिन्याच्या वर. निधी मॅडम यामिनीला वाटल्या होत्या त्याहून बऱ्याच तरुण निघाल्या. त्यांनी काकांच्या फाईलमधल्या, आरटीओत दिलेल्या अर्जांच्या प्रती बघितल्या, आणि मग विचारलं की गाडी नक्की कोणत्या तारखेला ताब्यात दिली याचा काही कागद आहे का, लोक हाच कागद कधी ठेवत नाहीत आणि मग आठवडा जातो.

देवीदासरावांनी खिशातून यादी काढली. तेवीस ओळी, तारीख, वेळ सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं, दोन सह्या, वर लाल शाईतली दुरुस्ती, तिच्याही दोन सह्या. मॅडमनी ती वाचली. डाव्या दाराच्या हँडलापाशी आल्यावर त्यांनी तोंडावर हात ठेवला. मग हिंदीत म्हणाल्या की नोकरीला लागल्यापासून इतका चांगला कागद त्यांनी बघितला नाही, आणि शेजारच्या टेबलावरच्यांनाही दाखवला. बाबांनी छाती इतकी फुगवली की यामिनीला शर्टाच्या बटणाची काळजी वाटली.

पॉलिसी लहानूकाकांच्या नावावर करायचा अर्ज तिथेच भरला गेला. बोनसची सूट आता त्या पॉलिसीला लागू नव्हती, म्हणून उरलेल्या महिन्यांपुरता थोडा फरक भरायचा होता, अगदीच किरकोळ. काकांनी खिशात हात घातला. बाबांनी तो धरला. चार्जमध्ये खोट निघाली तर ती देणाऱ्याने भरून द्यायची, हीसुद्धा रीतच होती. यावर दोघांची काउंटरपुढे इतकी ओढाताण झाली की मागच्या माणसाने विचारलं, भैया, झगडा है क्या. शेवटी बाबा जिंकले.

संध्याकाळी पाचच्या सुमारास काकांच्या नावाची पॉलिसी त्यांच्या मोबाईलवर आली. बाबांचं बोनसचं पत्र दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. यामिनीने ते शोरूमला पाठवलं, आणि स्वतःच फोन करून सांगितलं की शून्य काढा आणि तिथे पन्नास लिहा. नवा हिशेब आला तेव्हा बाबा उभे होते. ते उभेच राहिले. आकडा आईच्या फिजिओथेरपीच्या पैशांना हातही न लावता बसत होता, वर नागपूरच्या पेट्रोलचे उरत होते.

आईला त्यांनी काही सांगितलं नाही. नुसतं म्हणाले, साडीची इस्त्री मोडली असेल, पुन्हा करून घे. पलंगाच्या कडेला बसून आईने पदराने चेहरा पुसला, बराच वेळ, जणू फार ऊन लागलं होतं. पाच वर्षं पदरमोड करून दार रंगवणाऱ्या नवऱ्याला ती आणखी एक शेरा मारेल असं यामिनीला वाटलं होतं. पण ती एवढंच म्हणाली, "शालू कामी आला म्हनायचा."

शनिवारी सकाळी ते निघाले. आई मागच्या सीटवर पाय सरळ करून, पांढऱ्या साडीत, खिडकीशी. यामिनी पुढे. राजनांदगाव मागे पडलं, रस्त्याला निळे झेंडे लावलेल्या गाड्याच गाड्या, प्रत्येक गाडीतून कोणी ना कोणी हात हलवत होतं आणि आई प्रत्येकाला उलट हात हलवत होती, ओळख असो नसो. यामिनीला इतकं हलकं वाटत होतं की तिने खिडकीतून डोकं काढून दोनदा नुसतंच ओरडून घेतलं. बाबा एकदाही रागावले नाहीत.

देवरीच्या आसपास लहानूकाकांचा फोन आला. यामिनीने स्पीकरवर टाकला. काका मंडपापाशी गाडी मागे घेत होते, बांबू दिसला नाही, उजवा आरसा गेला. पण फिकीर नाही, विमा आता आपल्या नावाचा आहे, त्यांनी कंपनीचा नंबर काढूनच ठेवला होता. फक्त म्हटलं, आधी देवीदासभाऊला विचारावं.

बाबांनी गाडी हळू केली, चक्क बाजूला घेऊन थांबवली.

"नुसता आरसाच ना? काच होय ना फक्त?"

"हव, काचच."

"मंग हात लावू नको त्या विम्याले. पदरचा टाक. तुहा बोनस आता शून्यातून सुरू झाला, लहानू. त्याले जप."

मागच्या सीटवर आई हसायला लागली. हसता हसता तिने पाय हलवला, थोडा दुखला असावा, पण हसू काही थांबलं नाही.